राईडचा फोटो छापलात, आता हिशोबही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कॅन्सर संशोधनासाठी झालेल्या सायकल राईडची बातमी तुमच्या पेपरात आली, फोटोसकट आली, त्याबद्दल आधी आभार. मी त्या राईडमध्ये होते. फोटोत नाही, कारण फोटो सुरुवातीच्या रांगेचा आहे आणि त्या रांगेत पाहुणे उभे असतात, जे झेंडा दाखवून झाला की गाडीत बसून निघून जातात. असो, तक्रार त्याची नाही. तक्रार अशी की त्या अख्ख्या बातमीत किती सायकली, किती किलोमीटर, झेंडा कुणाच्या हस्ते, सगळ्यात लहान पोरगं केवढं आणि सगळ्यात मोठे आजोबा केवढे, सगळं आहे, फक्त ज्यासाठी हा एवढा खटाटोप केला तो पैसा किती जमला आणि कुठे जाणार याबद्दल एक अक्षर नाही. शेवटच्या ओळीत 'कॅन्सरविषयी जनजागृती करण्यात आली' एवढंच. अहो, जनजागृती कसली, आम्ही पैसे मागत होतो!

त्यानंतर वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी आम्हाला चांगलंच झोडपलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की सायकल चालवून कुणाचा कॅन्सर बरा होत नाही, ज्यांना द्यायचंय त्यांनी गपचूप चेक फाडावा, रंगीत टीशर्ट घालून भल्या सकाळी रस्ते अडवायची काय गरज. राईडच्या ग्रुपवर ते पत्र फिरलं, बरेच जण चिडले, मला मात्र ते आवडलं, कारण निम्मा मुद्दा त्यांचा बरोबरच आहे ना. पेडल मारून एक पैसासुद्धा तयार होत नाही. मी पूर्ण अंतर गेले काय आणि पहिल्या चौकातून मागे फिरले काय, लॅबमध्ये बसलेल्या माणसाला त्याने काडीचा फरक पडत नाही. फरक पडतो तो मी राईडच्या आधी किती जणांपुढे हात पसरला त्याने. आणि नेमकं तेच कुणाला दिसत नाही, कारण त्याचा फोटो निघत नाही.

म्हणजे होतं काय, नाव नोंदवलं की तुमच्या नावाचं एक पान तयार होतं, त्यावर तुमचा फोटो, तुम्ही ठरवलेला आकडा आणि खाली एक पट्टी, पैसे येतील तशी ती भरत जाते. सुरुवातीला ती रिकामीच असते, आणि स्वतःच्या हसऱ्या फोटोखाली ती रिकामी पट्टी बघायला फार कसंतरी वाटतं. मग लिंक पाठवायला सुरुवात. ऑफिसचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, नातेवाईकांचे ग्रुप. तिथे काय मिळतं, तर अंगठे, जोडलेले हात, 'ग्रेट', 'प्राऊड ऑफ यू', 'काळजी घे गं', आणि पट्टी जिथल्या तिथे. ग्रुपवर लिंक टाकून पैसे येत नाहीत हे एकदा डोक्यात शिरलं की मग एकेकाला नाव घेऊन वेगळा मेसेज करायचा आणि तिथे खरा कस लागतो. ज्याच्याशी वर्षानुवर्षं फक्त वाढदिवसापुरतं बोलणं झालंय त्याला एकदम पैसे कसे मागायचे? मेसेज लिहायचा, खोडायचा, परत लिहायचा, 'जमलं तरच हं' असं शेवटी जोडायचं, मग तेही खोडायचं कारण तसं लिहिलं की समोरच्याचं हमखास जमत नाही. घाटात सायकल ढकलत नेणं परवडलं पण हे नको.

आणि गंमत बघा, ज्यांच्यावर आपण भिस्त ठेवलेली असते ते 'बघतो गं' म्हणून जे गायब होतात ते राईड संपल्यावर अभिनंदन करायलाच उगवतात, आणि जिला आपण बिचकत बिचकत लिंक पाठवली, जेमतेम तोंडओळख, ती पाच मिनिटांत पैसे टाकून मोकळी होते आणि खाली एक ओळ लिहिते, 'माझ्या बहिणीसाठी'. बस, एवढंच. मग तुम्हाला कळतं की जिच्यासोबत रोज लिफ्टमधून वर जातो तिच्या घरात काय होऊन गेलंय. अशा ओळी माझ्या पानावर बऱ्याच आल्या, त्या मी रात्री वाचायची, ऑफिसात वाचायची सोय नव्हती. 2022 या एका वर्षात जगभरात साधारण 2 कोटी लोकांना नव्याने कॅन्सर झाला आणि 97 लाखांच्या आसपास लोक त्याने गेले, आयुष्यात कधी ना कधी दर पाच माणसांतल्या एकाला तो होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन विभागाचे अंदाज आहेत. असले आकडे आपण वाचतो आणि पान उलटतो. ओळखीच्या शंभर जणांना एकेक करून पैसे मागून बघा, मग कळेल पाचातला एक म्हणजे काय ते.

आता त्या गपचूप चेकचं. निव्वळ हिशोबाने बघितलं तर गृहस्थांना उत्तर नाही. इव्हेंट करून पैसा उभा करणं हा महागडाच मार्ग आहे. बॅरिकेड, अ‍ॅम्ब्युलन्स, विमा, पाण्याचे स्टॉल, मागून येणारी गाडी (जी दमलेल्यांना आणि त्यांच्या सायकलींना गोळा करत येते, आणि जिच्यात बसायचं नाही म्हणून लोक जिवाच्या आकांताने पेडल मारतात), या सगळ्याला पैसे लागतात आणि लागायलाच हवेत, त्यात काटकसर करू नका असं मी स्वतः सांगेन. थेट संस्थेच्या खात्यात दिलेला पैसा जास्त पोचतो. मान्य. पण हा चेक फाडला कुणी असता? माझ्या पानावर ज्यांनी पैसे दिले त्यातल्या बहुतेकांनी मी मागितले नसते तर दिलेच नसते. वाईट आहेत म्हणून नाही, कुणी विचारलंच नव्हतं म्हणून. आणि मी तरी काय म्हणून मागितले असते? 'मी सोफ्यावर बसलेय, तू कॅन्सर संशोधनाला पैसे दे' असं कोण कुणाला म्हणतं? आपण स्वतः काहीतरी त्रास काढतोय, पहाटे उठतोय, ढुंगणाला फोड येतायत (माफ करा, पण येतात, नव्या सीटवर लांबची राईड करू नये हे कुणीतरी छापायला हवं), तेव्हा कुठे आपली जीभ उचलते आणि समोरच्यालाही नाही म्हणायला जड जातं. सायकल त्यासाठी.

हे काही माझं डोकं नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये बिली स्टार नावाच्या माणसाने, त्याची आई मेलॅनोमाने म्हणजे त्वचेच्या कॅन्सरने गेली होती, 1980 साली 36 जणांना घेऊन अशी राईड काढली आणि बॉस्टनच्या डेना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटसाठी 10,200 डॉलर जमवले. ती पॅन-मॅस चॅलेंज अजून चालू आहे, दरवर्षी हजारो लोक चालवतात, आणि 2024 पर्यंत तिथून त्या संस्थेला गेलेली एकूण रक्कम 100 कोटी डॉलरच्या वर गेली. पण मला आकड्यापेक्षा त्यांचे नियम आवडतात. किती पैसे जमवणार ते आधीच कबूल करायचं, आणि तेवढे नाही जमले तर उरलेली रक्कम तुमच्या स्वतःच्या कार्डावरून कापली जाते. मग बघा कोण 'बघतो' म्हणतंय! आणि दुसरं म्हणजे रायडरने जमवलेला पैसा सगळाच्या सगळा संस्थेला, राईडचा खर्च स्पॉन्सर आणि नोंदणी फीमधून वेगळा. म्हणजे देणाऱ्याला शंका घ्यायला जागाच नाही.

त्याच वर्षी, 1980 मध्येच, कॅनडात टेरी फॉक्स धावत होता. हाडाच्या कॅन्सरमुळे एक पाय गेलेला, कृत्रिम पाय लावून रोज जवळपास एका मॅरेथॉनएवढं अंतर, आणि मागणं एकदम सरळ, दर कॅनेडियन माणसामागे एक डॉलर, तो संशोधनासाठी. 143 दिवस आणि 5,373 किलोमीटर झाल्यावर कॅन्सर फुप्फुसात पसरल्याचं कळलं आणि थांबावं लागलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये तो गेला, बावीस वर्षांचा होता, पण त्याच्या आधी फेब्रुवारीत निधी 2 कोटी 40 लाख डॉलरच्या वर गेला होता, म्हणजे तेव्हाच्या कॅनडाच्या लोकसंख्येइतका. ज्या आजारात त्याचा पाय कापावा लागला त्यात आता बहुतेकांचा पाय वाचवता येतो. पाय वाचवणारी ती ऑपरेशनं आणि केमोची पद्धत कुणीतरी अभ्यास करूनच बसवली ना.

सायकल आणि कॅन्सर म्हटलं की लान्स आर्मस्ट्राँग या अमेरिकन सायकलपटूचं नाव निघणारच, त्या गृहस्थांनीही टोमणा मारलाच आहे. त्याने डोपिंग केलं, टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीतली त्याची सात विजेतेपदं काढून घेतली, 2013 मध्ये त्याने कबूलही केलं, त्याच्याबद्दल मला प्रेम नाही. पण 1996 मध्ये त्याचा कॅन्सर फुप्फुस आणि मेंदूपर्यंत गेलेला असताना तो ज्या केमोने वाचला त्यात सिस्प्लॅटिन नावाचं औषध होतं, आणि सिस्प्लॅटिनची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. 1965 मध्ये मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत बार्नेट रोझेनबर्ग विजेचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते बघत होते, कॅन्सर डोक्यात नव्हताच, आणि जिवाणूंचं विभाजन थांबायला लागलं. शोधता शोधता कळलं की विजेने नाही, वीज सोडायच्या पट्टीतलं (इलेक्ट्रोडमधलं) प्लॅटिनम विरघळून ते होतंय. पेशींचं विभाजन थांबवतं तर मग कॅन्सरच्या पेशींचं का नाही, असा तो प्रवास, आणि 1978 मध्ये औषध म्हणून मंजुरी. तेरा वर्षं. आज टीशर्ट घालून राईड केली आणि उद्या औषध आलं असं होत नसतं, आणि ज्याला ते तसं हवंय त्याने यात पडू नये.

आता मूळ गोष्ट, जी मला या पत्रात सांगायचीच होती. माझ्या लिंकला ओळखीतल्या एका बाईंचं उत्तर आलं, त्यांची स्वतःची ट्रीटमेंट चालू आहे. त्यांनी विचारलं, 'हे पैसे पेशंटच्या औषधांना मिळतात का?' मी लिहिलं, नाही, हे संशोधनाला. त्या म्हणाल्या, 'म्हणजे माझ्या उपयोगाचे नाहीत', आणि पुढे हसण्याचा इमोजी. मग त्यांनीच थोड्या वेळाने पैसे भरले, ते सोडा, पण प्रश्न एकदम रास्त आहे. पेशंटला मदत हे एक काम आणि संशोधन हे दुसरं काम, दोन्ही हवीत, पण राईडच्या बॅनरवर नुसतं 'कॅन्सरविरुद्ध लढा' लिहिलं की देणाऱ्याला वाटतं आपण कुणाच्या तरी केमोचे पैसे भरतोय आणि घेणाऱ्याला ते कुठेही वापरायला रान मोकळं. कोणतं काम ते आधी सांगा आणि मग मागा.

संशोधनाला लोकांनी का द्यायचं, औषध कंपन्या आहेत की, असंही लोक म्हणतात. कंपन्या आहेत आणि त्या कामही करतात, पण ज्यातून त्यांना विकायला काही मिळणार नाही त्यावर त्या कशाला खर्च करतील? टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी देशातल्या 11 केंद्रांवर, स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन असलेल्या जवळपास 1,600 बायकांवर एक अभ्यास केला, तो 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेनचं इंजेक्शन दिलं. लिडोकेन म्हणजे तेच, दात काढताना बधिर करायला देतात ते, जुनं, स्वस्त, कुठेही मिळणारं. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शन न दिलेल्यांमध्ये 86.4 टक्के आणि दिलेल्यांमध्ये 90.1 टक्के. एका इंजेक्शनने! त्याच संस्थेत डोक्या-मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरसाठी निव्होलुमॅब हे महागडं औषध नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी देऊन बघितलं, जोडीला तोंडाने घ्यायची साधी औषधं, आणि एक वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण नुसती ती साधी औषधं घेणाऱ्यांच्या 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्क्यांवर गेलं. आता मला सांगा, 'आमचं औषध दहापट कमी वापरा' हे सिद्ध करायला कुठली कंपनी पैसे घालेल? असले प्रश्न विचारायला सरकारचा नाहीतर तुमचा-आमचाच पैसा लागतो.

अजून एक सांगते कारण ते आमच्या जिव्हाळ्याचं आहे. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो झालेल्या 889 पेशंटवर कॅनडा, ऑस्ट्रेलिया वगैरे देशांत अभ्यास झाला, 2009 मध्ये सुरू झालेला आणि निकाल 2025 मध्ये. अर्ध्यांना तब्येत कशी राखावी याचं पुस्तक दिलं, अर्ध्यांना तीन वर्षं ट्रेनर देऊन नियमित व्यायाम करायला लावला, ज्याला जो झेपेल तो, चालणं म्हणा सायकल म्हणा. आठ वर्षांनी पुस्तकवाल्यांतले 83.2 टक्के जिवंत आणि व्यायामवाल्यांतले 90.3 टक्के. याच्यामागे कॅनेडियन कॅन्सर सोसायटीचा म्हणजे लोकांच्या देणग्यांचा पैसा होता. चालण्याचं पेटंट कोण घेणार? (आणि हो, हा व्यायाम ट्रीटमेंट झाल्यावरचा, ट्रीटमेंटऐवजीचा नाही, नाहीतर उद्या कुणीतरी फॉरवर्ड करायचं की सायकल चालवा केमो टाळा.) तेव्हा 'सायकल चालवून कॅन्सर बरा होतो का' या प्रश्नाचं उत्तर नाही असंच आहे, पण ते इतकं सरळ 'नाही' पण नाहीये.

जनजागृतीला माझा विरोध नाही, फक्त ती रिबन लावून होते यावर विश्वास नाही. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी मुंबईतल्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायकांचा अभ्यास झाला, थोडंसं शिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी व्हिनेगर लावून तपासणी केली, त्याने मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. जागृती करायची तर बाईला सांगा कुठली तपासणी, कधी, कुठे. आमच्या टीशर्टवर नुसतं 'होप' लिहिलेलं होतं.

आता हिशोब. याआधी मी दुसऱ्या एका राईडमध्ये गेले होते, कुठली ते महत्त्वाचं नाही. शेवटी स्टेजवर दाराएवढा मोठा पुठ्ठ्याचा चेक आला, त्यावर आकडा, फोटो, टाळ्या. नंतर मी संयोजकांना मेल करून विचारलं की हा आकडा म्हणजे लोकांनी दिलेली सगळी रक्कम की खर्च वजा करून उरलेली, आमची फी त्यात धरली का, आणि संस्थेने हे कुठल्या कामाला वापरले. उत्तरात मला सहभागाचं सर्टिफिकेट आलं, माझ्या नावाचं स्पेलिंग चुकवून. परत विचारलं तर 'युवर सपोर्ट मीन्स अ लॉट'. चोरी झाली असं मी म्हणत नाही, बहुधा झालीही नसेल, पण मी ज्यांच्याकडून मागून आणले त्यांना सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. पुढच्या वेळी त्याच लोकांना कुठल्या तोंडाने मागणार? म्हणून यावेळी नाव द्यायच्या आधीच विचारून घेतलं, पैसा कुठल्या संस्थेच्या कुठल्या अभ्यासाला जाणार, थेट त्यांच्या खात्यात की संयोजकांच्या, पावती कुणाच्या नावाची. संयोजकांपैकी ज्या ताईंनी फोन घेतला त्या आधी जरा वैतागल्या, मग म्हणाल्या असं कुणी विचारत नाही हो. तेच तर ना.

आणि अभ्यास फसला तरी चालेल, हेही सांगून ठेवते. एखादं औषध उपयोगाचं नाही हे कळलं तर तेही कामच झालं, निदान पुढचे पेशंट त्यातून वाचले. फक्त ते सांगा. दोन वर्षांनी एक मेल पाठवा, 'तुमच्या पैशातून हे करून बघितलं, नाही चाललं'. मी असल्या मेलवर परत पैसे देईन.

राईड कशी झाली? छान झाली. परतीला समोरून वारा होता, तळहात बधिर झाले, शेवटच्या चढाला एक कॉलेजातला मुलगा माझ्यापुढे वारा अडवत हळूहळू चालवत राहिला, काही न बोलता. प्रत्येकाच्या पाठीवर पिनेने लावलेलं एक कार्ड होतं, त्यावर कुणासाठी चालवताय ते नाव लिहायचं. त्याच्या कार्डावर 'पप्पा' होतं आणि पेन पुसट झालं म्हणून दोनदा गिरवलेलं. मी काही विचारलं नाही.

संपादक साहेब, विनंती एवढीच की अशा राईडची बातमी करताना तुमच्या बातमीदाराला एकच जास्तीचा प्रश्न विचारायला सांगा, पैसे किती आणि कुठे. आणि तीन महिन्यांनी एक फोन. आमच्या संयोजकांनी जमाखर्च ऑडिट झाला की पानावर टाकू असं लेखी दिलंय, तो मेल मी या पत्रासोबत जोडतेय. आम्ही विचारलं तर सर्टिफिकेट येतं, पेपरातून फोन गेला तर आकडे येतील असा माझा अंदाज आहे.

आपली,
एक वाचक आणि हौशी सायकलवाली